ज्युरीतल्या माणसाच्या डोक्यात आधीच काय बसलंय त्यावर भरपाई ठरते काय? आतेभावाची केस आहे

रंकाळा_चौपाटी · रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागंल पण वाचा.

माझा आतेभाऊ, आम्ही दादाच म्हणतो, कॅलिफोर्नियात असतो. सॉफ्टवेअरवाला. दोन वर्षांमागं सायकलवरनं ऑफिसला चाललेला, सायकलच्या लेनमधनं सरळ, आणि एका डिलिव्हरी व्हॅननं त्याला बघितलंच नाही, उजवीकडं वळायला म्हणून थेट त्याच्या पुढ्यात घातली गाडी. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं, प्लेट बसवली, खांद्याचं अजून मिटलेलं नाही. माऊस डाव्या हातानं चालवतो आता. मध्ये आला होता इकडं तेव्हा पांढरा रस्सा वाढताना वाटी डाव्या हातानं धरली तर आत्याच्या डोळ्यात पाणीच आलं.

आता विमा कंपनीनं एक आकडा देऊ केलाय. दादाचा वकील म्हणतोय कमी आहे, ट्रायल लावूया. पण लगेच हे पण म्हणतो की आकडा शेवटी १२ ज्युरर, म्हणजे कोर्टानं बोलावलेली साधी माणसं, ठरवणार आणि ती कसली माणसं येतील त्यावर सगळं. म्हणजे कायदा एकच, अपघात एकच, मनगट पण एकच, आणि बारा माणसं बदलली की निकाल बदलणार? हे माझ्या टाळक्यातच जात नाही. आपल्याकडं बरं, जज्ज एक असतोय, पुस्तक बघतोय, आकडा लिहितोय.

त्यात समोरच्या वकिलानं दादाच्या बायकोच्या इन्स्टावरचा एक फोटो काढलाय. तिकडच्या गणपतीत दादानं कमरेला ढोल बांधलाय, फेटा, हातात टिपरू, तोंडभर हसतोय. दादा म्हणतो अरे फोटोपुरता बांधला, दोन मिनिटं, वाजवलाच नाही. पण फोटोत आवाज थोडाच येतोय. ज्युरीला काय दिसणार? हात दुखतोय म्हणून पैसे मागतोय आणि मिरवणुकीत ढोल बडवतोय.

आणखी एक. त्यानं हेल्मेट घातलं नव्हतं. तिकडं मोठ्या माणसाला सायकलवर सक्तीचं नाही, १८ च्या आतल्यांना आहे. डोक्याला लागलेलं पण नाही, लागलंय मनगटाला. तरी हे काढतीलच म्हणे.

खरं सांगू, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पण मनात म्हटलो, एवढा पगार असताना कशाला कोर्टाची भानगड, देतील ते घे आणि गप बस. आता मलाच जर असं वाटलं, सख्ख्या आत्याच्या पोराबद्दल, तर ते बारा परके काय म्हणतील? कुणाला अनुभव असला तर सांगा. आत्या रोज फोन करून विचारते आणि मला काय सांगावं सुचत नाही.

---

नाद_खुळा_९० · रविवार, रात्री १०:३१

त्यात काय इचारायचं भावा, अमेरिकेत कॉफी अंगावर सांडली तरी करोडो मिळत्यात, ती म्हातारी नव्हती का मॅकडोनाल्डवाली, गाडी चालवता चालवता कॉफी सांडून घेतली आणि कंपनीला लुटली. दादाला सांग बिनधास्त लढ, लॉटरी हाय. आपल्याकडं उसाच्या ट्रॉलीखाली माणूस गेला तरी दहा वर्षं हेलपाटे मारायला लागत्यात कसबा बावड्याच्या कोर्टात.

---

बावड्याचा_वकील · सोमवार, सकाळी ७:५०

नाद खुळा, तुमच्या या पोस्टमध्येच रंकाळाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे बघा. ज्युरीच्या खोलीत नेमकी हीच गोष्ट हीच माणसं घेऊन येतात, आणि तीही चुकीची.

ती केस अशी होती. १९९२, न्यू मेक्सिकोतलं अल्बुकर्की, स्टेला लीबेक नावाची ७९ वर्षांची बाई. गाडी ती चालवत नव्हती, नातू चालवत होता, आणि गाडी उभी होती. साखर-दूध घालायला कप गुडघ्यात धरून झाकण काढलं आणि कॉफी मांडीवर. कॉफी ८२ ते ८८ सेल्सियसच्या घरात, आपण चहा पितो तसली नव्हे. कातडी जळून आतपर्यंत गेलं, आठ दिवस दवाखाना, दुसरीकडची कातडी काढून लावली. तिनं आधी कंपनीकडं फक्त २०,००० डॉलर मागितले होते, कंपनी तेवढं पण देईना म्हणून कोर्ट. कोर्टात निघालं की अशा भाजल्याच्या ७०० च्या वर तक्रारी कंपनीकडं आधीच पडून होत्या. १९९४ ला ज्युरीनं भरपाई धरली २ लाख डॉलर, त्यातली २० टक्के चूक बाईचीच म्हणून वजा, राहिले १ लाख ६० हजार, आणि कंपनीला दंड म्हणून वर २७ लाख. तो दंड जज्जनं खाली आणला ४ लाख ८० हजारावर. पुढं दोघांनी आपसात मिटवलं. करोडोची लॉटरी कुणाला लागली सांगा.

आणि यातली खरी गंमत पुढं आहे. त्या ज्युरीतल्या एकानं नंतर पेपरवाल्यांना सांगितलं की सुरुवातीला त्याला कळतच नव्हतं सांडलेल्या कॉफीसाठी आपल्याला कशाला बोलावलंय. म्हणजे बसला तेव्हा नाद खुळाच्याच बाजूचा. भाजलेल्याचे फोटो बघितले, तक्रारींचा ढीग बघितला, मग फिरला. पण निकालानंतर पेपरात आणि टीव्हीवर गोष्ट पोचली ती अर्धीच, आणि तेव्हापासनं तिकडच्या प्रत्येक ज्युरीत दोनचार जण ही अर्धी गोष्ट डोक्यात घेऊनच बसतात.

लोकांना वाटतं ज्युरी म्हणजे कंपनीच्या विरोधात आणि गरिबाच्या बाजूनं. व्हॅलरी हान्स म्हणून तिकडच्या एक अभ्यासक आहेत, त्यांनी खऱ्या केसेसमध्ये बसलेल्या ज्युररांशी बोलून काम केलंय. त्यात निघालं उलटंच. माणसं कंपनीपेक्षा जास्त तपासतात ती पैसे मागणाऱ्याला. खरंच लागलंय का, आधीपासनंच दुखत नव्हतं ना, स्वतः काय चुकलास. आणि 'हल्ली कोण पण उठतंय आणि केस करतंय' असं ज्यांचं मत पक्कं, त्यांचा आकडा खाली. त्यामुळं दादाला लॉटरी समजून जाऊ नको म्हणावं.

आता रंकाळा, तुझा दुसरा मुद्दा, बारा माणसं बदलली की निकाल बदलतो काय. थोडा बदलतो, पण तू समजतोस तेवढा नाही. शिकागो विद्यापीठात कालव्हन आणि झायझेल यांनी १९५० च्या दशकात जज्जनाच विचारलं होतं, ज्युरी नसती तर तुम्ही काय निकाल दिला असता. चूक कुणाची यावर साधारण पाचातल्या चार केसेसमध्ये जज्ज आणि ज्युरी एकाच बाजूला. म्हणजे पुरावा ठणठणीत असला की डोक्यातलं मत मागं पडतं. पुरावा जिथं काठावर आहे तिथं ते उसळी मारतं. आणि पैशाचा आकडा, त्यातही दुखण्याचा आकडा, हा तर कायमच काठावरचा. दवाखान्याचं बिल आहे, बुडालेला पगार आहे, त्याची पावती असते. मनगट ठसठसतंय त्याची पावती कुठनं आणणार? कॅलिफोर्नियात ज्युरीला लेखी सूचनाच असते की याला ठरावीक मोजमाप नाही, पुरावा आणि आपली अक्कल वापरून वाजवी आकडा ठरवा. वाजवी म्हणजे काय, ते मग ज्याचं त्यानं घरनं आणलेलं असतं.

आपल्याकडं आहे तक्ता. सुप्रीम कोर्टाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालानं वयाप्रमाणं गुणक बांधून दिला, १५ ते २५ ला १८, ३१ ते ३५ ला १६, ६५ च्या पुढं ५. उदाहरणार्थ ३४ वर्षांचा माणूस, महिना २०,००० कमवतोय, आणि अपंगत्वामुळं कमाईची ताकद ४० टक्क्यांनी गेली असं ट्रायब्युनलनं, म्हणजे अपघात भरपाईच्या कोर्टानं, धरलं. वर्षाचे २,४०,०००, त्याचे ४० टक्के ९६,०००, गुणिले १६, झाले १५,३६,०००. पुढं वाढणाऱ्या कमाईचं, औषधपाण्याचं, वेदनेचं वेगळं. दिसायला बेरीज-गुणाकार. पण ते ४० कुणी ठरवलं? डॉक्टरचा दाखला एक सांगतो आणि धंद्यावरचा परिणाम दुसराच असतो. सुप्रीम कोर्टानं राजकुमार केसमध्ये २०१० ला हेच उदाहरण दिलंय, डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुतार जवळजवळ पूर्ण बसला, पण सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित तशीच चालू राहील. म्हणजे शेवटी खुर्चीवरच्या माणसाला ते काम डोळ्यापुढं आणता आलं पाहिजे. चप्पल शिवणाऱ्याचा अंगठा गेला म्हणजे काय गेलं हे ज्यानं कधी बसून बघितलं नाही त्याला दाखल्यावरची टक्केवारीच दिसणार. जज्ज पण कुणाच्या तरी घरातनंच आलेला असतो.

हेल्मेटचं नंतर लिहितो, साडेदहाला कोर्टात बोर्ड आहे.

---

तिकटी_ते_सॅनहोजे · सोमवार, दुपारी १२:२०

इथं रात्र झालीय, पोरं झोपली, म्हणून निवांत लिहितो. आणि मी बाई आहे, सतरा वर्षं झाली इथं येऊन तरी 'मी आलो, मी गेलो' काय सुटत नाही, कोल्हापूरच्या बायकांचं असंच, हसू नका.

रंकाळा, मी बसलोय अशा ज्युरीत. इथली सिटिझन झालो आणि दुसऱ्याच वर्षी पत्र आलं. पहिल्या दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवसापासनं रोज १५ डॉलर देतात, त्यात इथं जेवण पण धड होत नाही, ते असो. केस होती दुकानात पाय घसरून पडलेल्या बाईची. भाजीच्या सेक्शनला फवारा मारतात त्याचं पाणी फरशीवर साचलेलं, बाई पडली, खुबा मोडला.

आधी निवड. व्हॉयर डायर म्हणतात त्याला. वकील एकेकाला विचारतात, तुम्ही कधी पडलाय का, कुणावर केस केलीय का, घरी कुणी विमा कंपनीत आहे का, आजकाल केसेस लई होतात असं वाटतं का, दुखण्याचे पैसे द्यावेत हे पटतं का. एकजण उठून म्हटला मला दुखण्याचे पैसे ही कल्पनाच मान्य नाही, जज्जनं दोनदा विचारलं कायदा सांगतो तसं करशील का, तो नाही म्हटला, गेला घरी. असं उघड बोलणारे कितीही काढता येतात. शिवाय दोन्ही बाजूला सहा-सहा जण कारण न सांगता काढायची मुभा. मला वाटलं मला काढतील, नाही काढलं. कारण मी सगळ्याला 'मी निष्पक्ष राहीन' म्हटलं. सगळेच म्हणतात. मला त्या वेळी खरंच तसं वाटत पण होतं.

आता खरं सांगतो. ती बाई साक्षीला आली, काठी टेकत, आणि माझं पहिलं लक्ष कुठं गेलं माहीत आहे? तिच्या वकिलानं दाखवलेल्या त्या दिवशीच्या चपलेकडं. सपाट तळव्याची, आपली स्लीपरच जवळजवळ. आणि माझ्या डोक्यात आईचा आवाज आला, खाली बघून चालायला काय होतंय. मी लहानपणी न्हाणीत पडून कोपर फोडून घेतलेलं तेव्हा पहिली मला धपाटा मिळालेला, मग हळद. आमच्यात पडणाऱ्याचीच चूक असायची. ते सगळं तीस वर्षांनी एका अमेरिकन कोर्टात माझ्या शेजारी येऊन बसलं.

आणि मी एकटी नाही. आतल्या खोलीत गेल्यावर सगळ्यात कडक कोण असेल तर त्या बाईच्याच वयाची एक बाई. मला वाटलेलं ती बाजू घेईल. ती म्हणे मी पण त्याच दुकानात जातो, मी बूट घालून जातो, मी नाही पडलो कधी. नंतर मी विचार केला, तिला घाबरायला झालेलं. जर त्या बाईची काहीच चूक नसेल तर उद्या ती स्वतः पण पडू शकते. ते मान्य करण्यापेक्षा 'तिनं चप्पल घातलेली' हे सोपं. दुसरा एक बांधकामवाला, वय साठ, म्हटला माझी पाठ तीस वर्षं दुखते, मी कुणाकडं पैसे मागितले? आणि एक नर्स होती, तिनं शांतपणे सांगितलं की खुबा मोडल्यावर पहिले सहा आठवडे माणूस संडासला कसा जातो. कुणाची मदत लागते, कुठं हात धरायचा, किती वेळ लागतो, सगळं. खोली गप झाली. वकिलांच्या चार दिवसांच्या बोलण्यानं जे झालं नव्हतं ते त्या पाच मिनिटांत झालं.

दुकानाची चूक आहे का, त्या चुकीमुळंच लागलं का, किती पैसे, चुकीची वाटणी किती, असे एकेक प्रश्न छापलेले असतात, प्रत्येकाला बारापैकी नऊ मतं लागतात. पहिले दोन अर्ध्या तासात झाले. वाटणीला पूर्ण दुपार. मंडईत भाव करतात तसं, बाईवर कोण ५० टाकतंय, कोण ०. शेवटी २५ टक्के बाईवर, ७५ दुकानावर. एकानं सुचवलं सगळ्यांनी चिठ्ठीवर रकमेचा आकडा लिहा आणि सरासरी येईल ती अंतिम, तर आमची जी प्रमुख होती ती म्हटली असं आधीच ठरवून करता येत नाही. मग परत तोंडातोंडी.

विम्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही अशी सूचना असते, कुणाचा विमा आहे नाही विचारात घ्यायचं नाही. कुणी काढलं पण नाही. पण बांधकामवाला दोनदा म्हटला 'शेवटी आपल्याच खिशातनं जातंय'. म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

ढोलच्या फोटोबद्दल. इथल्या माणसाला ढोल काय असतो ते माहीत नाही, त्याला मोठा ड्रम दिसणार आणि दोन्ही हात वर. दादानं स्वतःच आधी तो फोटो दाखवून सांगितलेलं बरं, समोरच्यानं काढला तर लपवला असं वाटतं. आमच्या केसमध्ये त्या बाईचा नातवाच्या वाढदिवसाचा फोटो आलेला, उभी राहून केक कापतानाचा. पुढच्या मिनिटाला ती खुर्चीत बसली हे फोटोत कुठं दिसणार.

---

क्लेमवाला · सोमवार, सायंकाळी ६:०५

दुसरी बाजू पण ऐका. मी बावीस वर्षं विम्याच्या क्लेममध्ये काढली, कंपनीचं नाव सांगत नाही. ताई, तुमचा तो बांधकामवाला उगाच तसा झाला नाही. घरात जिन्यावरनं पडलेला पाय मोटारसायकलवर दाखवणारे, तिऱ्हाइताची गाडी आणून उभी करणारे, अपघातानंतर महिन्यानं एफआयआर करणारे, सगळे प्रकार बघितलेत. एकदा एका माणसाच्या दाखल्यावर गुडघा वाकत नाही असं होतं, मी चौकशीला गेलो तर गडी शेतात उकिडवा बसून भांगलत होता, मला बघून उठला आणि लगेच लंगडायला लागला, ते पण चुकीच्या पायानं. अशी दहा बघितली की अकरावा खरा आला तरी नजर तीच राहते. हे चूकच, मला मान्य आहे. रिटायर झाल्यावर माझाच पाय मोडला, आणि सर्वेअर पोरगं मला वरनं खालपर्यंत बघत होतं तेव्हा कळलं ती नजर कशी लागते.

दादाला एवढंच सांग, दुखतंय तेवढंच सांगायचं. 'काहीच करता येत नाही' असं एकदा म्हटला आणि एक फोटो निघाला की संपलं. 'डबा उघडता येतो पण बरणीचं फिरकीचं झाकण उघडत नाही' असं म्हणणाऱ्यावर माझा पण विश्वास बसायचा.

---

बावड्याचा_वकील · सोमवार, रात्री ९:१५

क्लेमवाले साहेब, बरणीचं झाकण आवडलं, उद्या एका साक्षीदाराला सांगतो.

हेल्मेट. कॅलिफोर्नियात १९७५ पासनं नियम असा की ज्याची जेवढी चूक तेवढीच त्याच्या रकमेतनं वजा. अर्ध्याहून जास्त चूक असली तरी उरलेलं मिळतं, काही राज्यांत मिळत नाही. आता मनगट मोडण्यात हेल्मेटचा संबंध शून्य, दादाचा वकील तो विषय येऊच नये म्हणून आधी अर्ज करेल. पण एकदा का कानावर पडलं की ज्युररच्या मनात 'बेफिकीर माणूस' असा शिक्का बसतो आणि तो शिक्का मग टक्केवारीत कुठंतरी उतरतो, उघड कुणी म्हणणार नाही.

आपल्याकडं ट्रिपल सीटचं असंच होतं. दुचाकीवर तिघं होते म्हटल्यावर अपघात कसा झाला हे बघायच्या आधीच मागं बसलेल्याचे पैसे कापायचे. २०२० ला सुप्रीम कोर्टानं मोहम्मद सिद्दिक केसमध्ये सांगितलं की नुसतं तिघं बसले म्हणून चूक धरता येत नाही, तिघं बसल्यामुळं अपघात झाला किंवा जास्त लागलं हे दाखवावं लागतं. त्या केसमध्ये मागनं कारनं ठोकलेलं, तिथं तिसऱ्या माणसाचा काय संबंध. हे सांगायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं.

आणि एक, बायकांचं. घर सांभाळणाऱ्या बाईचा अपघात झाला की कॉलममध्ये उत्पन्न 'निरंक'. माझ्या स्वतःच्या सुरुवातीच्या काळात मी पण तसंच लिहिलंय, लाज वाटते सांगायला. २०२१ च्या कीर्ती निकालात कोर्टानं परत बजावलं की घरकामाला मोल आहे आणि ते धरलंच पाहिजे. तक्ता तोच होता रे, फक्त त्यात काय भरायचं हे बघणाऱ्याच्या नजरेवर. नशीब एवढंच की आता अपिलाला मुंबई गाठायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासनं हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं कोल्हापुरातच बसतंय. तेवढ्यासाठी आम्ही वकील किती वर्षं रस्त्यावर बसलोय ते नाद खुळाला माहीत असेलच.

---

नाद_खुळा_९० · सोमवार, रात्री ९:४०

साहेब माहीत हाय, तुमच्या कामबंदमुळंच आमच्या चुलत्याच्या तीन तारखा गेलत्या 😄 पण कॉफीचं मला खरंच माहीत नव्हतं, शब्द मागं घेतो. आणि आपल्याकडं ज्युरी का बंद झाली? ते नेव्हीवाल्या नानावटीमुळं ना?

---

बावड्याचा_वकील · सोमवार, रात्री ९:५८

सगळं खापर त्यावर फोडतात. १९५९ ला मुंबईत ज्युरीनं बायकोच्या प्रियकराच्या खुनाच्या केसमध्ये ८ विरुद्ध १ नं नानावटीला निर्दोष ठरवलं, हायकोर्टानं ते उलटवून जन्मठेप दिली, १९६१ ला सुप्रीम कोर्टानं कायम केली. पण ज्युरीवरची नाराजी त्याच्या आधीपासनंची, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली नाही. ती फौजदारी केस होती, अपघाताच्या भरपाईला इथं ज्युरी नाहीच. पण मुद्दा बरोबर आहे, पेपरनं आधीच हिरो केलेला माणूस समोर उभा असला की नऊ जण काय करणार.

---

रंकाळा_चौपाटी · गुरुवार, रात्री ११:०२

सगळ्यांचे आभार. मी एक उद्योग करून बघितला, रागावू नका.

आमच्या चहाच्या टपरीवर सकाळी एक कंपू असतो आणि रात्री दुसराच. मी मंगळवारी सकाळी सांगितलं, असं असं झालं, उसाची ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्याकडंला उभी, मागं लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, रात्री पोरगं मोटारसायकलवरनं येऊन धडकलं, पाय गेला, २५ लाख मागतंय, किती द्यावं? रात्रीच्या कंपूला तीच गोष्ट, फक्त मागतंय ६ लाख.

सकाळचे म्हटले २५ लई होतात, दहा-बारा द्या. रात्रीचे म्हटले ६ मागतोय तर ४ द्या. पाय तोच! कुणी पण विचारलं नाही पोरगं काय काम करतंय, वय काय. वकील साहेब, तुमचा तक्ता कुणाच्या डोक्यात पण आला नाही, नुसता मागितलेला आकडा धरून खाली उतरत होते.

चूक कुणाची म्हणाल तर ज्याची स्वतःची ट्रॅक्टर-ट्रॉली आहे तो म्हटला फॅक्टरीच्या रांगेत दोन दिवस उभं राहिलेला माणूस रिफ्लेक्टर कुठनं आणणार. रोज रात्री गोकुळ शिरगावला शिफ्टला जातो तो म्हटला 'मी बघून चालवतो, पोरांना मस्ती असते', ताई तुमच्या त्या बूटवाल्या बाईसारखंच. आणि जो कधी काय बोलत नाही, कोपऱ्यात बसून खारी बुडवतो, तो म्हटला माझा भाऊ तसाच गेला, शिरोलीच्या पुढं. बाकीचे गप. मग आकडा आपोआप वर गेला, बारावरनं पंधरावर. पुरावा काय वाढला? काही नाही. फक्त खारीवाला बोलला. त्या दिवशी तो आला नसता तर पोराला तीन लाख कमी.

पंधरा माणसं म्हणजे काय अभ्यास नव्हे, कळतंय मला. पण दादाचा वकील 'कसली माणसं येतील' म्हणतोय ते आता समजलं.

दादाशी काल बोललो. तो म्हणतो ट्रायलची तारीख लागलीय, तोपर्यंत विमावाले आकडा वाढवतील असं वकिलाला वाटतं, बहुतेक केसेस दारातच मिटतात म्हणे. फोटो डिलीट करायला सांगू का वहिनीला?

---

बावड्याचा_वकील · शुक्रवार, सकाळी ७:३५

अजिबात नाही. समोरच्याकडं कॉपी आहे, आता काढला तर पुरावा नष्ट केला म्हणून तेच मोठं होईल. आहे तसा राहू दे, नवीन काही टाकू नका, आणि जे काय करायचं ते त्याच्या वकिलाला विचारून. आत्याला पण सांग, स्टेटसला काही ठेवायचं नाही केस संपेपर्यंत.

---

तिकटी_ते_सॅनहोजे · शुक्रवार, सकाळी ८:१०

आणि ढोल कुणाकडं होता ते आठवून ठेव म्हणावं. ज्यानं दोन मिनिटं बांधायला दिला तो साक्षीला आला तर फोटोची गोष्ट पूर्ण होते.

---

रंकाळा_चौपाटी · शुक्रवार, दुपारी १:४४

सांगितलं दोघांना पण. दादाला ढोलवाला आठवतोय, सांगलीचा आहे, येतो म्हणे.

आत्याला स्टेटसचं सांगितलं तर म्हणते स्टेटसला मी काय ठेवत नाही रे, पण तो ढोलचा फोटो मोठा करून फ्रेम केलाय, सोप्यात देवाच्या शेजारी लावलाय, तो पण काढू काय? म्हटलं तो राहू दे.

---